भोक पाडू नका, गाडी जागा देते

जोडचाकं लावलेली स्कूटर, म्हणजे आपली साइडव्हीलची गाडी, दारात आली की महिन्याभरात एक प्रश्न हमखास उभा राहतो: सामान ठेवायचं कुठं? सीटखालच्या डिक्कीत रेनकोट आणि डबा गेला की जागा संपली. फूटबोर्डवर ठेवावं तर कॅलिपर घातलेला पाय मावत नाही. हँडलला अडकवावं तर वळताना पिशवी गुडघ्यावर आपटते. मग माणूस गॅरेजमध्ये जातो, आणि तिथं सांगतात, "दोन भोकं मारतो, बोल्ट टाकतो, पाच मिनिटांचं काम." पोरांनो, पोरींनो, तिथंच त्यांचा हात धरा.

मी चेतकच्या जमान्यापासून जोडचाकांच्या गाडीवर बसतोय. त्या वेळी किक मारायलासुद्धा कुणाची तरी वाट बघावी लागायची. १९८४ च्या सुमारास किनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू व्हायची. आमच्यासारख्यांना तिनं घराबाहेर काढलं. गाडीवरची पिशवीही त्याच कामाची आहे. बाजार, दप्तर, औषधं, कुबड्या सगळं आपलं आपण नेता आलं तर गाडीचा खरा उपयोग. म्हणून ती कशी बसवायची ते नीट सांगतो. यातलं बरंचसं मला जुन्या मिस्त्री लोकांनी हातात पाना देऊन शिकवलंय.

भोक का नको?

पत्र्याला भोक पाडलं की कडेचा रंग उडतो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तिथं पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरत जातो. जोडचाकांचे मडगार्ड बऱ्याचदा फायबरचे असतात. फायबरला भोक पाडलं की खड्ड्यात बसणारा प्रत्येक हिसका त्या भोकाच्या कडेवर येतो, आणि तिथून तडा निघतो. सांगाड्याच्या नळीला तर कधीच हात लावू देऊ नका. भोकातून पाणी आत जातं, नळी आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय पत्र्यामागून वायरिंग कुठून गेलंय हे ड्रिलवाल्याला ठाऊक नसतं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मालकाला मनाप्रमाणे गाडी बदलू देत नाही. आपली जोडचाकं नोंदणी पुस्तकात चढलेली असतात. त्यांच्या सांगाड्यावर आणखी काही वेल्ड केलंत तर पुढच्या पासिंगला प्रश्न निघू शकतो. पट्ट्यानं बांधलेली पिशवी मात्र केव्हाही सोडवून घरात नेता येते.

आधी गाडी चाचपून बघा

पिशवी विकत घेण्याआधी गाडी सावलीत उभी करा आणि हातानं चाचपा. जे दाबल्यावर लवतं ते अंग, जे लवत नाही ते हाड. सीटमागची पकडायची दांडी, जोडचाकांचे लोखंडी हात, सीटखालचा सांगाडा, फूटबोर्डच्या खालची नळी ही हाडं. मडगार्ड, बाजूची पॅनल, टेललाइटचा घुमट हे अंग. पिशवीचं वजन कायम हाडावर पडलं पाहिजे. अंगाला तिनं टेकावं, पण त्यावर ओझं टाकू नये.

पट्टा वजन उचलण्यासाठी नसतो, पिशवी जागेवर धरण्यासाठी असतो. निव्वळ पट्ट्यांवर लोंबणारी पिशवी रोज थोडी थोडी खाली येते आणि एक दिवस चाकाला लागते. म्हणून तिच्या बुडाखाली आधार हवा. जोडचाकाच्या लोखंडी हातावर क्लॅम्पनं बसवलेली छोटी पट्टी किंवा जाळी पुरते. दोन्ही बाजूंना पडशीसारखी लोंबणारी जोडपिशवी घेतलीत, तर तिचा मधला पट्टा सीटच्या खालून घ्या. तो चपटा असावा, आणि सीट बंद केल्यावर लॉक 'टक्' असा बसला पाहिजे. लॉक अर्धवट राहिलं तर पट्टा बदला.

क्लॅम्प असा बसवा

यू-क्लॅम्प हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. घेताना नळीचं माप सुतळीनं घेऊन जा, अंदाजानं आणू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, नळी पुसून कोरडी करा आणि पट्टीचे दोन वेढे घट्ट द्या. त्यावर क्लॅम्प चढवा. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एक नट आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्प तिरका बसतो. रबर क्लॅम्पच्या कडेनं किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. त्याहून जास्त आवळलं तर रबर कापलं जातं आणि धातू धातूवर घासतो. नट आतून नायलॉनची कडी असलेले घ्या, ते हादऱ्यानं सहज सुटत नाहीत. बोल्टची टोकं खाली किंवा आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे चढता-उतरताना साडी, ओढणी, पँट अडकणार नाही.

शेवटी नेलपॉलिशनं नटावरून बोल्टवर एक सरळ रेघ ओढा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बसल्या जागेवरून नुसतं वाकून बघितलं तरी कळतं, पाना घेऊन खाली बसावं लागत नाही.

गाडीचाच एखादा बोल्ट काढून त्याखाली पट्टी अडकवता येते, पण ब्रेक, शॉकअप आणि चाकाचा आस यांच्या बोल्टला हात लावायचा नाही. दुसरा बोल्ट वापरलात तर तो त्याच आट्यांचा हवा. मूळ बोल्टपेक्षा पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब आणि डोक्यावर ८.८ असा छाप असलेला घ्या. आखूड बोल्टला दोन-तीनच आटे धरतात आणि ते ओढीखाली निघून येतात.

पट्टा कोणता?

पॉलिएस्टरची विणलेली पट्टी सगळ्यात बरी. गाडीचे सीटबेल्ट त्याचेच असतात. नायलॉन मजबूत असतं, पण भिजल्यावर सैल पडतं, त्यामुळे पावसात निघताना आवळलेली पिशवी घरी पोचेपर्यंत डुलायला लागते. खाटेची सुती निवार पावसात कुजते, ती नको. सीटकव्हर शिवणारे कारागीर हव्या त्या मापाची पट्टी बकल लावून शिवून देतात. शिलाई चौकोन करून आत फुली मारून घ्या, एका रेषेतली शिलाई उसवते.

हूकवाली रबरी दोरी सोयीची वाटते, पण तिच्यावर कायमची पिशवी ठेवू नका. ताणलेला हूक हातातून निसटला तर थेट डोळ्यावर येतो. रबर उन्हात चिरतं आणि खड्ड्यात ताणून हूक सुटतो. वरून एखादी हलकी चटई धरायला ती ठीक आहे. पांढरे केबल टाय उन्हानं ठिसूळ होतात. घ्यायचेच तर काळे घ्या, आणि त्यांच्यावर वजन सोपवू नका.

पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून रबर लावा. फडफडणारं टोक चाकात गेलं तर पिशवीसकट सगळं ओढलं जातं. लांब मोकळ्या पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, वाऱ्यात तो घूं-घूं करत नाही.

वजन कुठं पडतं?

दुचाकी वळणावर आत झुकते. आपली गाडी झुकत नाही. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो आणि आतलं चाक हलकं होतं. पिशवी उंच बांधलीत किंवा एकाच बाजूला भरलीत, तर घाटातल्या वळणावर ते जाणवतं. जड वस्तू खाली, गाडीच्या मधल्या रेषेजवळ, आणि दोन्हीकडे सारख्या ठेवा. पाण्याच्या बाटल्या, साखर, पीठ तळाशी आणि कपडे, भाजी वर.

मागच्या चाकाच्याही मागं वजन टांगलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल पोकळ लागतं. आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. इंजिनाची ताकद मधल्या मागच्या चाकालाच असते. पिशवी जितकी बाहेर, तितकं तिचं ओझं जोडचाकांवर जातं. मधल्या चाकाची पकड वाढत नाही, ओढायचं वजन मात्र वाढतं, आणि ओल्या चढावर ते चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून पिशवी आत घ्या. जोडचाकं लागली म्हणून गाडी जास्त वजन पेलते असं समजू नका. इंजिन, सांगाडा आणि ब्रेक तेच आहेत. पुस्तकात कंपनीनं लिहिलेली मर्यादा पाळा आणि त्यात जोडचाकांचं वजनही धरा.

काय झाकायचं नाही?

बहुतेक गिअरलेस स्कूटरला उजवीकडे सायलेन्सर असतो. पिशवी आणि त्याच्यामध्ये चार बोटं तरी मोकळी हवीत. रेक्झिन आधी मऊ पडतं, मग चिकटतं, मग जळतं. डावीकडे इंजिनाच्या बेल्टचं घर असतं. त्याला थंड हवा लागते, तिचे झरोके बंद झाले तर आतला बेल्ट तापून लवकर झिजतो. मागच्या ब्रेकची केबल पिशवीच्या पट्ट्याखाली चिमटली तर ब्रेक धरून राहतो. विजेची गाडी असेल तर चार्जिंगचं झाकण मोकळं ठेवा आणि जाड केबलला काहीही बांधू नका.

टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट मागून स्वच्छ दिसली पाहिजेत. नव्या एचएसआरपी पाट्या एकदाच लागणाऱ्या लॉकनं बसवलेल्या असतात. त्यांचं लॉक तोडून तिथं पट्टी अडकवायची कल्पना कुणी दिली तर साफ नाही म्हणा.

पेट्रोलचं झाकण सीटखाली असेल तर भरलेल्या पिशव्यांसकट सीट उघडून बघा. पंपावर मागं रांग लागलेली असताना पट्टे सोडत बसण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

पिशवी आणि रंग यांच्यामध्ये मऊ रबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा ते उचलून खालची धूळ पुसा. अडकलेली रेती पॉलिश पेपरचं काम करते आणि रंग पार घासून टाकते.

बांधल्यावर

भरलेली पिशवी दोन्ही हातांनी जोरात हलवा. पिशवी हलली पण गाडी हलली नाही, तर बांधणी कच्ची आहे. मग ओळखीच्या खडबडीत रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जाऊन या आणि पट्टे पुन्हा आवळा. नवा पट्टा पहिल्या फेरीत बसतोच. त्या दिवशी ब्रेकही लवकर धरायला शिका, कारण बहुतेक जोडचाकांना ब्रेक नसतात आणि वाढलेलं वजन गाडीच्या मूळ ब्रेकनाच थांबवायचं असतं.

सगळ्यात मोठा कानमंत्र

गाडी गॅरेजमध्ये ठेवून, "संध्याकाळी घेऊन जातो" असं सांगून पिशवी बसवून घेऊ नका. तुम्ही गाडीवर बसलेले असतानाच बसवून घ्या. मिस्त्री धडधाकट असतो. तो उभा राहून माप घेतो, आणि त्याला जे सोपं वाटतं ते आपल्याला पोचत नाही. सीटवर बसा, कॅलिपर घाला, कुबड्या त्यांच्या जागी लावा. आता ज्या हातात जोर आहे तो मागं न्या. जिथं तो न वळता पोचतो तिथं चेन उघडली पाहिजे. कुबडी काढायची वाट पिशवीनं अडवता कामा नये, आणि उतरताना पाय फिरवायला जागा राहिली पाहिजे. औषध, फोन, गाडीचे कागद पुढच्या लहान पिशवीत हवेत, म्हणजे रस्त्यात कुणाला हाक मारावी लागणार नाही. मिस्त्री घाई करेल, "चालतंय की, साहेब" म्हणेल. त्याला पैसे पूर्ण द्या, चहा पाजा, पण तुमचा हात चेनपर्यंत पोचेस्तोवर त्याला पाना खाली ठेवू देऊ नका.