पाण्याची इंजिनीयरी : दुष्काळातही मागणी असलेला हुनर

व्यापारी व कारागीर बांधवांनो, भूम, परांडा, वाशी या भागातला दुकानदार आभाळाकडे बघून माल भरतो. पेरणी साधली तर दिवाळीला आणि लग्नसराईत कापड खपते. पाऊस चुकला की उधारी अडकते, शिंप्याची मशीन थंडावते, गवंडी आणि सुतार पुण्या-मुंबईची वाट धरतात. आपले बहुतेक धंदे पावसावर उभे आहेत.

पाणी शोधणे, साठवणे, शुद्ध करणे आणि घरोघर पोचवणे, या कामाची गरज मात्र दुष्काळात वाढते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण शेजारच्याच जिल्ह्यात पाहिले. म्हणून दुकान सांभाळणाऱ्या प्रत्येक घराने निदान एका मुलाला किंवा मुलीला या विद्येकडे पाठवण्याचा विचार करावा. पाऊस गेला तरी घरातली एक कमाई चालू राहील.

दोन शाखा

या विद्येच्या दोन शाखा आहेत. जलसंपदा अभियांत्रिकीत धरण, कालवा, पाझर तलाव, भूजल आणि पूर यांचा अभ्यास येतो. पर्यावरण अभियांत्रिकीत पिण्याचे पाणी शुद्ध करणे, गटाराचे व कारखान्याचे सांडपाणी साफ करणे आणि कचऱ्याची विल्हेवाट हे विषय येतात. दोन्हींचे मूळ सिव्हिल इंजिनीयरिंगमध्ये आहे.

या कामातला हिशेब कसा असतो, ते पाहा. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. १००० चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षात ६०० मिलीमीटर पाऊस धरला तर त्या छतावर ५५,८०० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४४,६०० लिटरच्या आसपास उरते. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच माणसांच्या घराला पाच महिन्यांहून जास्त पुरेल. टाकी केवढी, पाइप केवढा, गाळणी कशी आणि खर्च किती, हे ठरवतो तो इंजिनीयर.

ही विद्या आपल्या मातीला नवी नाही. आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो बांधला गेला. वरून पाण्याचा लोट कोसळतो, पण महालात पाणी शिरत नाही.

कापडाच्या धंद्याशी संबंध

आपल्या दुकानातले बनियन, टी-शर्ट बहुधा तामिळनाडूतील तिरुपूरचे असतात. तेथील रंगकामाच्या पाण्याने नोय्यल नदी खराब झाली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तेथील रंग व ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. सांडपाणी गाळून, त्यातले मीठ वेगळे काढून तेच पाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी करणाऱ्यांनाच पुढे काम सुरू करता आले. ती व्यवस्था पर्यावरण इंजिनीयरच्या हातची असते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यामुळे सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्यामुळे सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी अशा कापडाच्या गावांतही या माणसाची गरज आहे.

शिक्षणाची वाट

दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो. धाराशिवला सरकारी पॉलिटेक्निक आहे. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. बारावी सायन्सनंतर जायचे असेल तर सीईटी द्यावी लागते आणि पदवीला चार वर्षे लागतात. पुढे गेट परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत पर्यावरण, तर आयआयटी रुडकीत जलसंपदा हा विषय एम.टेक.ला घेता येतो.

उर्दू माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये. आम्हीही त्याच माध्यमातून शिकलो. ज्याला रकबा आणि हजम काढता येतो, त्याला गणित येते. एरिया आणि व्हॉल्यूम हे शब्द तेवढे नवे असतात. आठवीपासून रोज दहा इंग्रजी संज्ञा वहीत उतरवल्या तर दहावीपर्यंत अडचण राहत नाही.

काम कोठे मिळते?

जलसंपदा विभाग, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद आणि नगरपालिका येथे जागा असतात; डिप्लोमावाल्याला कनिष्ठ अभियंता होता येते. सरकारी भरती दरवर्षी निघेलच असे नाही, म्हणून त्याच एका आशेवर बसू नये. पाणीपुरवठ्याचे ठेकेदार, शुद्धीकरण केंद्रे चालवणाऱ्या कंपन्या आणि ठिबक सिंचनाचे कारखाने यांनाही माणसे लागतात. सौदीत जुबैलसारख्या ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने आहेत. आखातात मजूर म्हणून जाणे आणि डिप्लोमा घेऊन जाणे, या दोन्हींच्या पगारात केवढा फरक पडतो, हे ज्यांच्या घरची माणसे तेथे आहेत त्यांना सांगायला नको.

प्लंबर, वेल्डर, मोटार दुरुस्त करणारे यांच्या मुलांना तर घरचीच शाळा आहे. हाताला हुनर असलेल्या मुलाने कागदावरचा हिशेब शिकला तर तो उद्या स्वतः ठेका घेऊ शकेल.

आताच करण्याचे काम

प्रवेशाच्या दिवसांत कागद नसल्यामुळे जागा हातची जाते. रहिवासी व उत्पन्नाचे दाखले निकालाआधी काढून ठेवा. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा काही जमाती इतर मागासवर्गात येतात. त्यांनी जातीचा व नॉन-क्रीमिलेयरचा दाखला वेळेवर घ्यावा. मुलींनाही मागे ठेवू नका. पाण्याची तपासणी, नकाशे आणि डिझाइन ही कामे त्या उत्तम करू शकतात.

माल भरताना आपण पुढच्या हंगामाचा अंदाज घेतो. मुलांच्या तालमीसाठी पुढच्या वीस वर्षांचा अंदाज घ्यायला हवा, आणि त्या वीस वर्षांत पाण्याची गरज कमी होणार नाही.