शीटवरचं ड्रॉइंग स्लाइडवर नेताना

प्रोजेक्ट रिव्ह्यू जवळ आला की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये रात्री एकच धांदल. ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग पॉवरपॉइंटमध्ये न्यायचं कसं? बहुतेक जण प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून मोकळे होतात. मग स्लाइडवर काळपट बॅकग्राउंड, ग्रिड, खालची कमांड लाइन सगळंच हजर! असेंब्ली मात्र मधोमध मुंगीएवढी.

पण इमेज कशी काढायची हे नंतर बघू. आधी थोडा हिशोब. ए१ शीटची उंची ५९४ मिमी. फुल एचडी प्रोजेक्टरवर वरपासून खालपर्यंत १०८० पिक्सेल. म्हणजे शीटच्या एका मिलिमीटरला जेमतेम १.८ पिक्सेल. ३.५ मिमी उंचीचं डायमेन्शन स्लाइडवर सहा पिक्सेलचं होतं, २.५ मिमीचं साडेचार. एवढ्यात ६ आणि ८ वेगळे ओळखू येत नाहीत. ०.२५ मिमीच्या रेषेच्या वाट्याला तर अर्धा पिक्सेलही येत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही आणा, पडद्यावर पिक्सेल तेवढेच!

एका रिव्ह्यूत सीनियर्सच्या गिअरबॉक्सचं असंच झालं. एक्स्टर्नलनी विचारलं, बेअरिंगच्या जागी शाफ्टला टॉलरन्स काय दिलाय? ड्रॉइंगमध्ये २५ के६ अगदी बरोबर लिहिलं होतं. पडद्यावर तिथे नुसता राखाडी ठिपका. पुढची पाच मिनिटं शीट शोधण्यात गेली, आणि सहा महिन्यांच्या कामावर बोलायला वेळच उरला नाही.

आता उलटा हिशोब करा. स्लाइडवर १८ पॉइंटचं अक्षर मागच्या बाकावरून वाचता येतं असं धरू. त्यातलं कॅपिटल अक्षर फुल एचडीवर साधारण २५ पिक्सेल उंच असतं. आपलं ३.५ मिमीचं अक्षर तेवढं व्हायला हवं असेल, तर स्लाइडवर शीटचा फक्त दीडशे मिमी उंच आणि पावणेतीनशे मिमी रुंद तुकडा मावतो. आडव्या ए४ पेक्षाही कमी! म्हणून अख्खी शीट एकदाच दाखवा, नुसता अंदाज यावा म्हणून. पुढच्या स्लाइड्सवर ज्याबद्दल बोलणार तेवढाच सेक्शन घ्या. (छेद हा शब्द मला ऐनवेळी सुचत नाही, कॉन्व्हेंटचा प्रताप.)

आता इमेज काढू. पीएनजीआउट किंवा जेपीजीआउट कमांड देऊ नका, त्या स्क्रीनवर दिसतं तेवढ्याच रिझोल्यूशनची इमेज देतात. प्लॉट कमांड द्या. प्रिंटरच्या यादीत ‘पब्लिश टू वेब पीएनजी’ निवडा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टम पेपर साइज असते, तिथे ३८४० बाय २१६० पिक्सेलचा कागद तयार करा. मग प्लॉट एरियात विंडो घेऊन हवा तो भाग पकडा, फिट टू पेपर आणि सेंटरवर टिक करा. प्लॉट स्टाइल मोनोक्रोम.सीटीबी ठेवा, म्हणजे सगळ्या रेषा काळ्या येतील. नाहीतर काळ्या स्क्रीनवर झकास दिसणारी पिवळी सेंटर लाइन पांढऱ्या स्लाइडवर गायब! प्रिव्ह्यूत रेषा फार बारीक वाटल्या तर लाइनवेट वाढवा.

जेपीजी का नको? ते फोटोंसाठी आहे. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून ते बारीक तपशील टाकून देतं, आणि रेषांच्या कडेला धूळ बसल्यासारखं दिसतं. पीएनजीत काहीच टाकलं जात नाही.

टायटल ब्लॉकमधला १:५ स्केल स्लाइडवर दाखवू नका. पडदा मोठा झाला की तो खोटा ठरतो. त्याऐवजी एखादं मोठं डायमेन्शन ठळक ठेवा, नाहीतर स्केल बार काढा.

इमेज इन्सर्ट झाली की रूमवरच टेस्ट घ्या. समजा पडदा दीड मीटर रुंद आहे आणि शेवटचा बाक नऊ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या सहापट लांब. लॅपटॉपची स्क्रीन ३४ सेंमी रुंद असेल तर स्लाइड शो सुरू करून दोन मीटर मागे जा, म्हणजे साधारण रूमच्या दारात. तिथून रूममेटला डायमेन्शन वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्हाला ते पाठ असतं.