विकरांना जागविणारे रेणू

कोकणात किंवा गोव्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना काजूच्या टरफलातील चिकाची ओळख करून द्यावयास नको. ओले काजूगर काढताना तो बोटांना लागला की कातडी भाजते, पुढे सोलून निघते. या चिकातील एक प्रमुख द्रव्य म्हणजे ॲनाकार्डिक आम्ल. त्याचीच हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत, कारण विकरांना थोपविणारे रेणू पाठ्यपुस्तकांत पुष्कळ भेटतात, त्यांना जागविणारे मात्र क्वचितच.

आधी या विकरांचे काम पाहू. मानवी पेशीच्या इवल्याशा केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए मावलेला असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असून प्रत्येक रिळाभोवती त्याच्या सुमारे १४७ जोड्या येतात. डीएनएवर ऋणभार, तर हिस्टोनांच्या शेपट्यांतील लायसिनवर धनभार. त्यामुळे गुंडाळी घट्ट बसते आणि आतील जनुके वाचता येत नाहीत. ॲसिटिलट्रान्स्फरेज हे विकर ॲसिटिल को-एन्झाइम ए या रेणूकडून दोन कार्बनांचा ॲसिटिल गट उचलते आणि लायसिनवर नेऊन ठेवते. धनभार नाहीसा होतो, पकड सैल पडते, जनुक वाचनासाठी खुले होते. जनुकाचे एक अक्षरही यात बदलत नाही, हे विद्यार्थ्यांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. अशा बदलाचा जनुकांच्या कार्याशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ मध्येच सुचविले होते. पण हे काम करणारे विकर आणि जनुकांचे नियमन यांचा धागा डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये जोडला.

पी३०० आणि सीबीपी ही या कुळातील दोन जुळी म्हणावीत अशी विकरे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये असे आढळले, की ॲनाकार्डिक आम्ल पी३००ला रोखते. गंमत पुढेच आहे. त्याच आम्लाच्या रेणूत थोडी फेररचना करून त्यांनी सीटीपीबी नावाचा रेणू घडविला, आणि तो पी३००ला रोखण्याऐवजी अधिक कामाला लावू लागला! ‘जागविणे’ हा शब्द आम्ही सोयीने वापरला आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. विकर झोपलेले नसतेच. सक्रियक रेणू केवळ त्याचा वेग वाढवितो. ॲसिटिल गट तो स्वतः वाहून नेत नाही.

पण परीक्षानळीत यशस्वी झालेला हा रेणू पेशीत सहजी शिरेना. तेव्हा त्याला कार्बनच्या अतिसूक्ष्म गोलकांवर स्वार करण्यात आले. पुढे त्याच धर्तीचा, लांब कार्बनी शेपटी नसलेला टीटीके२१ हा रेणू अशाच गोलकांवरून उंदरांच्या मेंदूपर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्या उंदरांची स्मृती अधिक काळ टिकली.

२०१९ मधील प्रयोग आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. प्रशस्त पिंजरा, खेळणी, सोबती अशा भरल्या वातावरणात राहिलेल्या उंदरांच्या चेतापेशी इजेनंतर अधिक जोमाने वाढल्या, आणि त्यामागे सीबीपीमार्फत होणारे ॲसिटिलीकरण होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना टीटीके२१ दिल्यावर त्यांच्या हालचालींत व संवेदनांत सुधारणा दिसली. म्हणजे सभोवतालचे वातावरण जे विकर कामाला लावते, तेच एका रेणूनेही कामाला लावता आले.

ज्यांच्या घरी झाडावरून पडून किंवा अपघातात कंबरेखालची शक्ती गेलेले माणूस आहे, त्यांच्या मनात येथे आशा जागी होईल. त्यांच्यासाठी २०२२ चा निष्कर्षही सांगणे आमचे कर्तव्य आहे. इजेला १२ आठवडे उलटून गेलेल्या उंदरांना हाच रेणू दिला असता चेतातंतू वाढले खरे, परंतु चालणे सुधारले नाही. शिवाय ही विकरे शरीरभर असतात व कर्करोगाच्या पेशींतही काम करतात. त्यांना सरसकट चेतविणे धोक्याचे ठरू शकते. आणि काजूचा कच्चा चीक कोणी औषध म्हणून पोटात घेऊ नये. तो तेथेही जाळतो.