माझा आवडता खेळ : हॉकी

आमच्या वर्गात आवडता खेळ विचारा, सगळे क्रिकेटच म्हणतील. मला मात्र हॉकी आवडते.

हॉकीच्या एका संघात अकरा खेळाडू असतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. स्टिकची एकच बाजू सपाट असते, तिनेच चेंडू मारायचा. गोल बाजू लागली की पंचांची शिट्टी वाजलीच!

माझे आवडते खेळाडू धनराज पिल्ले. त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळ खडकी येथे झाला. घरची गरिबी होती. लहानपणी ते मोडक्या स्टिकने खेळत. पुढे १९९२, १९९६, २००० आणि २००४ अशा चार ऑलिंपिकमध्ये खेळले, पण पदक एकदाही नाही. सिडनीला २००० साली पोलंडविरुद्ध आपण जिंकतच आलो होतो. शेवटी शेवटी त्यांनी गोल केला, १-१ बरोबरी झाली अन् उपांत्य फेरी हुकली.

दादा मला चिडवतो, "पदक नाही तर कसला मोठा खेळाडू?" मी म्हणतो, १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचं सुवर्णपदक बत्तीस वर्षांनी मिळालं, तेव्हा कर्णधार कोण होतं?

ऑलिंपिक पदक थेट २०२१ साली टोकियोत आलं, एक्केचाळीस वर्षांनी. जर्मनीला ५-४ हरवलं. सहा सेकंद उरले असताना गोलरक्षक श्रीजेश यांनी पेनल्टी कॉर्नर अडवला!

आमच्याकडे स्टिक नाही. बाभळीची वाकडी फांदी तासून घेतो, चेंडू चिंध्यांचा. हरभरा निघाला की शेजारचं रान मोकळं होतं, तिथं खेळतो. सध्या गोलरक्षक कमी आहे. ज्याला यायचं त्याने मधल्या सुट्टीत मला सांगावे.