तपासणीचे पैसे दे



फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. साकोलीहून भंडाऱ्याला येताना लाखनीच्या पुढे मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडताच ‘सेन्सर गेला, आठ हजार लागतील’ म्हणून सांगितलं. तू होकार न देता गाडी घरी आणलीस, हे बरं केलंस. आता घाबरून खर्च करू नकोस आणि ‘गाडी तर चालते’ म्हणून महिनाभर तशीच दामटूही नकोस.

पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि इंजिन तापत नसेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा उघडझाप करू लागला आणि गाडी मिस मारू लागली, तर अॅक्सिलरेटरवरचा पाय लगेच सैल कर, गाडी बाजूला घे. एखाद्या सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी वितळते. प्लग किंवा कॉईलचं साधं काम मग पाच आकडी खर्चावर जातं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरही पुढे जायचं नाही, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करायचं. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस.

हा पिवळा दिवा मुळात धुरासाठी आला. कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांमध्ये स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली, १९९६मध्ये साऱ्या अमेरिकेत एकाच पद्धतीचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड आले. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ती २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. तुझी गाडी २०१८ची, म्हणजे स्टिअरिंगखाली कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असणारच. तिथे स्कॅनर लावला की पाच अक्षरांचा कोड मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड.

आता नीट ऐक, कारण लोक फसतात ते इथेच. कोड बिघाडाची दिशा दाखवतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०१३५ आला की सेन्सर बदलून टाकणारे पुष्कळ आहेत. समजणारा मिस्त्री आधी फ्यूज पाहील, कपलर काढून तिथवर बारा व्होल्ट येतात का ते मोजेल, मग सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स घेईल. हीटर आतून तुटलेला निघाला तर सेन्सर खरंच गेला, नाहीतर वायर दुरुस्त केली की काम झालं. पी०१७१मध्ये तर सेन्सर बहुतेक वेळा खरं बोलत असतो. कुठेतरी रबरी पाईप चिरलेला असतो, तिथून जादा हवा शिरते आणि सेन्सर ती नोंदवतो. तिथे सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा देणं आहे.

आपल्या भागात वायरिंगकडे आधी बघायला लावावं, असं मी मुद्दाम सांगतो. धानाचा जिल्हा आहे. गाडी गोदामाजवळ, कोठाराशेजारी उभी राहिली की रात्री उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. शिवाय तुझी गाडी जुनी विकत घेतलेली. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला होता, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. पाण्यात राहून निघालेल्या गाडीचे कपलर आतून हिरवे पडतात आणि वर्षांनंतरही त्रास देतात. तुझ्या गाडीच्या गालिच्याखाली, सीटच्या रुळांवर गंज किंवा गाळ दिसतो का, ते एकदा पाहून घे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा पिवळा दिवा क्षणभर लागायलाच हवा. गाडी विकण्यासाठी काही जण तो काढून टाकतात. तुझा लागतो, म्हणजे निदान तेवढं तरी ठीक आहे.

मिस्त्री कसा ओळखायचा, असं तू विचारलंस. आयटीआयमध्ये मी मोटर मेकॅनिकच्या पोरांना इतकी वर्षं शिकवलं, त्यातले अनेक आज स्वतःचं गॅरेज चालवतात. त्यांचं एकच दुखणं मी वारंवार ऐकतो. गिऱ्हाईक पार्टाचे पाच हजार निमूट देतं आणि तासभर बसून बिघाड शोधल्याचे तीनशे मागितले की भांडतं. ‘तू केलंस काय, फक्त मशीन तर लावलं!’ मग पोर शिकतं की शोधण्यात पैसा नाही, पार्ट बदलण्यात आहे. पुढे तेच सवयीचं होतं. आपल्या भागात मिस्त्रींवर जो अविश्वास आहे, त्याचा बराच वाटा आपल्या या कंजूषपणाकडे जातो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तू गॅरेजात गेल्या गेल्या सांग, ‘आधी नीट तपासा, तपासणीची मजुरी वेगळी देतो. पार्टाचं मग ठरवू.’ हे ऐकून ज्याचा चेहरा उजळतो, तो तुझा माणूस. जो म्हणतो तपासायची गरज नाही, मला आवाजावरूनच कळतं, त्याच्याकडून निघून ये.

नाव विचारायचं तर रोज गाडीवर पोट असणाऱ्यांना विचार: स्कूल व्हॅनवाले, रुग्णवाहिकेचे चालक, साकोली ते नागपूर फेऱ्या मारणारे टॅक्सीवाले. स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवरच्या माणसालाही विचार. कोणता मिस्त्री विचार करून एकच पार्ट नेतो आणि कोण चार नेऊन तीन परत आणतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नाव कळलं की मोठं काम येईपर्यंत थांबू नकोस. आधी ऑइल बदलायला दे आणि बाजूला उभा राहा. तो विचारतो का, दिवा कधी लागला, गाडी थंड होती की गरम, चढावर की सपाटीवर? जुना पार्ट मागितल्याशिवाय हातात देतो का? ‘हे माझ्याकडे होणार नाही, कंपनीत ने’ असं म्हणायला लाजत नाही ना? चावीचं प्रोग्रॅमिंग, एअरबॅग आणि वॉरंटीतलं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्यावं. बाकी प्लग, कॉईल, सेन्सर, वायरिंग यासाठी नागपूरला साठ किलोमीटर पळण्याचं कारण नाही.

बिल मात्र घेच, ओळखीचा असला तरी. बिल द्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलं आहे. वेळ आलीच तर १९१५ या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगापुढे कागदच उपयोगी पडतो.

एक गोष्ट आजच सांभाळ. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा विझवून देतो, असं कुणीतरी म्हणेलच. तसं केलं की अनेक गाड्यांत कोड पुसला जातो, आणि बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान अशी जी नोंद संगणकानं जपून ठेवलेली असते, तीही जाते. शोधणाऱ्याला सगळ्यात उपयोगी तीच नोंद असते.

तेव्हा बॅटरीला कुणाला हात लावू देऊ नकोस. स्कॅनरवर कोड वाचून झाला की त्या पडद्याचा फोटो काढून मला पाठव, आणि मी बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नकोस.

तुझा,
मामा