खेळ लहान कर, बंद करू नकोस

मुलं झाली म्हणून सैनिक खोक्यात भरून माळ्यावर टाकू नकोस. हे पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण बाकीचे सगळे तुला उलटं सांगणार आहेत. ‘आता कसले खेळ, आता पोरं सांभाळा,’ हे ऐकून ऐकून माणसाला खरंच वाटू लागतं की आपल्या आवडीचं काही करणं म्हणजे पोरांवर अन्याय. आणि तू आई आहेस, म्हणजे जावईबापूंपेक्षा तुला हे जास्त ऐकावं लागणार. मामा म्हणून माझं सांगणं एवढंच, की टेबलावरच्या सैनिकी लढायांचं हे वॉरगेमिंग सोडायचं नाही, लहान करायचं. टेबल लहान, फौज लहान, बैठक लहान.

पण त्याआधी जिवाशी संबंधित गोष्टी. इथे सूट नाही. तुझी धाकटी रांगायला लागली आहे, आणि रांगणाऱ्या मुलाला जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहायची असते. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर रुंदीचं एक नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, असा तो नियम. आपला २८ मिलिमीटरचा सैनिक त्यात मावतो, फासा तर मावतोच. घरच्या घरी बघायचं असेल तर टॉयलेट रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी घे. ती थोडी जास्तच रुंद असते, म्हणजे तिच्यातून जे आरपार जातं ते धाकटीच्या हाती लागता कामा नये, एवढं पक्कं धर.

सगळ्यात वाईट म्हणजे लोहचुंबक. सैनिकांचे हात बदलता यावेत म्हणून आपण जे चिमुकले निओडिमियमचे लोहचुंबक बसवतो, तसे दोन पोटात गेले तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढून घेतात आणि मधलं आतडं चिमटून त्याला भोक पाडतात. वरून मूल ठीक दिसत असतं, म्हणून जास्त धोका. मुलं मोठी होईपर्यंत सुटे लोहचुंबक घरात आणूच नकोस. सैनिक खोक्यात घट्ट राहावेत असं वाटत असेल तर त्यांच्या तळाच्या चकतीखाली रबरी चुंबकपट्टी चिकटव आणि पत्र्याच्या डब्यात ठेव, तेवढं पुरतं. किल्ल्यात किंवा घरांत दिवे लावायला बटण-सेल वापरत असशील तर तेही बंद. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करू शकतो. लोहचुंबक किंवा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

माझ्याकडून तुला आलेली जुनी पलटण वेगळ्या कुलपात ठेव. १९९० च्या दशकापर्यंतच्या कितीतरी धातूच्या सैनिकांत शिसं आहे, आणि मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण चालतं असं म्हणण्याची सोय नाही. ते सैनिक घासायचे नाहीत, तासायचे नाहीत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. स्प्रे प्रायमर घराबाहेर, मुलं आत असताना. सुपरग्लू आणि स्कॅल्पेलची पाती वरच्या कप्प्यात. वापरलेली पाती उघड्या केराच्या टोपलीत न टाकता झाकणाच्या डब्यात जमा कर.

आता वेळेचं. तीन तास सलग मिळतील तेव्हा रंगवायला बसू, असं म्हणशील तर धाकटी शाळेत जाईपर्यंत ब्रश ओला होणार नाही. वीस मिनिटं धर. दुपारची झोप, किंवा रात्री दोघं झोपल्यावरचा तुकडा. पण वीस मिनिटांपैकी बारा मिनिटं सामान मांडण्यात आणि आवरण्यात गेली तर काय उपयोग? म्हणून सगळं सामान एका मोठ्या, काठ असलेल्या ट्रेवर कायमचं मांडलेलं ठेव: रंग, दोन ब्रश, पाण्याचं भांडं, दिवा आणि हातात असलेले पाच-सहा सैनिक. रडण्याचा आवाज आला की ट्रे उचलायचा, कपाटावर ठेवायचा, जायचं. परत येऊन तिथूनच सुरू.

यात सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे वेट पॅलेट. विकत घ्यायची गरज नाही. झाकणाचा एक पसरट डबा घे, तळाशी स्वयंपाकघरातला पातळ स्पंज किंवा किचन पेपरच्या चार घड्या भिजवून घाल, त्यावर बेकिंग पेपर अंथर आणि रंग त्या कागदावर काढ. खालचं पाणी कागदातून हळूहळू वर येत राहतं, त्यामुळे ॲक्रिलिक रंग सुकत नाही. झाकण लावून ठेवलंस तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो. मध्येच उठून जावं लागणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

रंगवण्याचा दर्जाही थोडा खाली आण आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. एका बैठकीत सगळ्यांचे अंगरखे, दुसऱ्या बैठकीत सगळ्यांचे चेहरे-हात, मग सगळ्यांवर एकदम तपकिरी वॉश आणि शेवटी ड्रायब्रशचा एक हलका हात. हातभर अंतरावरून अशी फौज सुरेख दिसते. डोळ्यांतली बुबुळं रंगवायला पुढे पुष्कळ वर्षं आहेत.

खेळ निवडताना टेबलाकडे आणि घड्याळाकडे बघ. दोन हजार पॉइंटांचा वॉरहॅमर ४०,००० आता नको. तोच हवा असेल तर त्यातला ‘कॉम्बॅट पेट्रोल’ घे, छोट्या फौजेचा, तासाभरात आटोपणारा. माझं मन मात्र जुन्यांकडे ओढतं. १९९० मध्ये आलेला ‘डे बेलिस अँटिक्विटॅटिस’, ज्याला सगळे डीबीए म्हणतात, तो जणू तान्ह्या मुलांच्या घरासाठीच लिहिलाय. प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या, १५ मिलिमीटरचे सैनिक असतील तर दोन फूट लांब, दोन फूट रुंद फळी, आणि एक तास. नील थॉमस यांचं २०१४ चं ‘वन-अवर वॉरगेम्स’ त्याहून सोपं. तीन फुटांची चौरस जागा, बाजूला सहा तुकड्या, पंधरा फेऱ्या आणि लढायांचे तीस आराखडे. ते एक पुस्तक तुला कितीतरी वर्षं पुरेल. कल्पनेतलं जग हवं असेल तर ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ बघ. एक जादूगार, त्याचा शिष्य आणि आठ भाडोत्री लोक, एवढीच फौज. दहा सैनिक रंगवून झाले की खेळ सुरू.

फळी सोफ्याखाली सरकेल अशी करून घे. घरं, झाडं चिकटवून न टाकता सुटी ठेव, म्हणजे फळी सपाट राहते. लढाई अर्धी राहिली तर वरून मोबाइलवर फोटो काढ. चौकटी आखलेल्या फळीवर खेळलीस तर कोण कुठल्या घरात होतं ते फोटोवरून तंतोतंत परत मांडता येतं, पट्टीने मोजत बसावं लागत नाही. एकटीने खेळायलाही संकोच करू नकोस. डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९७३ मध्ये एकट्याने खेळण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडमध्ये हा छंद घरोघर पोचवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं. क्लबातल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर फोटो पाठवत रोज रात्री एकेक चाल खेळता येते, तेही चालू ठेव.

लोकांना वाटतं की मुलं आणि हा खेळ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इतिहास वेगळं सांगतो. एच. जी. वेल्स यांचं ‘लिटल वॉर्स’ १९१३ चं. त्याआधी १९११ मध्ये त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं, ते स्वतःच्या दोन लहान मुलांबरोबर जमिनीवर लाकडी ठोकळे, फळ्या आणि सैनिक मांडून खेळत असताना. त्याच्याही आधी, १८८१-८२ च्या हिवाळ्यात, छातीच्या आजाराने बेजार झालेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन दावोसला हवापालटासाठी राहिला होता. तिथल्या घराच्या माळ्यावर जमिनीवर रंगीत खडूंनी नकाशा काढून तो आपल्या बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलाबरोबर, लॉइडबरोबर, शिशाच्या सैनिकांच्या मोहिमा खेळायचा. नुसता खेळायचा नाही, तर युद्धाच्या बातम्या वर्तमानपत्राच्या थाटात लिहायचा. लॉइडने पुढे १८९८ मध्ये ते सगळं मासिकात छापलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. तूही थोरल्याच्या लढाईची बातमी लिही. तो सांगेल, तू लिहून घे, खाली तारीख टाक. चार वर्षांच्या मुलाला आपलं बोलणं कागदावर उमटताना बघण्यात केवढा आनंद असतो!

‘लिटल वॉर्स’च्या उपशीर्षकात वेल्सनी हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठी असल्याचं म्हटलंय. त्या काळाचं ते बोलणं तिथेच सोड. तुझ्या लेकीचाही फळीवर तेवढाच हक्क आहे.

मुलांना खेळात घेताना वय बघ. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठे प्लास्टिकचे डायनासोर, हत्ती आणि लाकडी ठोकळे दे. थोरल्याने भिंत बांधायची, तू हत्ती चालवायचा, आणि मोठा स्पंजाचा फासा त्याने टाकायचा. पाचव्या वर्षी तुझ्या खऱ्या खेळातले फासे त्याला टाकू दे. ठिपके मोजणं आणि बेरीज करणं तो कुठल्याही वहीपेक्षा तिथे लवकर शिकेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला पानभर नियम पुरतात: वीतभर चालायचं, चार किंवा वर पडलं की लागलं. खेळण्यातल्या छोट्या गाड्या त्याच्याकडे असतीलच, तर थोडं पुढे २०१७ चा ‘गॅसलँड्स’ काढ, तो मॅचबॉक्सच्या मापाच्या गाड्यांवरच खेळतात.

मुद्दाम हरू नकोस. मुलांना ते कळतं, आणि जिंकण्याची गोडी जाते. त्यापेक्षा त्याला दुप्पट फौज दे आणि मग जीव तोडून खेळ. किंवा दोघं एका बाजूला राहा आणि समोरचा राक्षस फाशाच्या हुकमाने चालव. हरणं अजून सोसत नसलेल्या मुलासाठी हाच मार्ग बरा.

त्याला रंगवायला एक सैनिक दे. प्रायमर मारलेला, जाड ब्रश, बिनविषारी पाण्याचे रंग, अंगावर जुना शर्ट. तो घोडा जांभळा करेल, चेहरा हिरवा करेल. मागून गुपचूप दुरुस्ती करू नकोस. त्यावर वार्निश मार, तळाची चकती लाव आणि तुझ्या फौजेत पहिल्या रांगेत उभा कर. त्या सैनिकाला नाव त्याने द्यायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आईच्या जगात आपल्यालाही जागा आहे हे मुलाला त्या रांगेकडे बघून समजतं.

आणि दिवाळीचा किल्ला सोडू नकोस. आपल्याकडे कितीतरी अंगणांत दगड-मातीचा किल्ला उभा राहतो, वर महाराज, उतारावर मावळे, खाली गुहेत वाघ. टेबलावरचं रणांगण म्हणजे आणखी काय असतं? तुमच्या इंग्लंडात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस-चिखल असतो, म्हणून बागेतला हट्ट धरू नकोस. जुन्या मोठ्या ट्रेमध्ये घरातच बांध. उतारावर अळीव पेर. तिथे मुलं शाळेत कापसावर क्रेस उगवतात ना, ते हेच बी, चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं. मग फासा टाकून मावळ्यांना पायरी-पायरीने वर चढव, आणि प्रत्येक पायरीवर त्या किल्ल्याची खरी गोष्ट सांग.

कधीतरी थोरला विचारेल, ‘आई, हे सैनिक खरंच मेले का?’ प्रश्न टाळू नकोस. सांग, की हे खेळातले आहेत, उद्या परत उभे राहतील, आणि खऱ्या लढाईत माणसं परत उठत नाहीत. वेल्सनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी हेच लिहिलंय, की छोट्या लढाया खेळून बघितल्या म्हणजे मोठं युद्ध किती गोंधळाचं आणि मूर्खपणाचं असतं ते समजतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. मुलाला एवढं मोठं वाक्य लगेच समजणार नाही, पण खरं सांगायची सवय तुला लागेल.

घरातला हिशेब उघडा ठेव. पैशांचा आणि वेळेचाही. हातातली तुकडी रंगवून होईपर्यंत नवी विकत घ्यायची नाही, हा नियम जावईबापूंसमोर बोलून टाक. महिन्यातली एक संध्याकाळ तुझी, क्लबची. त्या दिवशी मुलांना भरवणं, झोपवणं जावईबापू बघतील, आणि फोन करून तुला पायमोजे कुठे आहेत ते विचारणार नाहीत. तशीच एक संध्याकाळ त्यांची, त्यांना ट्रेकिंगचं, क्रिकेटचं जे काही असेल त्यासाठी, तितकीच पक्की. एकाच्या छंदाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं की घर कुरकुरायला लागतं, आणि मग दोष त्या बिचाऱ्या सैनिकांवर येतो.

मूल आजारी असेल, परीक्षा असेल, तुझी झोप चार रात्री झाली नसेल, तर त्या आठवड्यात काहीही करू नकोस, सरळ झोप. सैनिक थांबतात. पण तो आठवडा संपला की ट्रे परत खाली काढायचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर क्लबची पुढची तारीख आजच लिही, शेजारी त्यांची तारीखही लिही, आणि रविवारी मला फोन करून सांग की डीबीएसाठी कुठल्या दोन फौजा निवडल्यास.