सरपणासाठी चेनसॉ कोणता घ्यावा?

प्रश्न : कोकणात आमची बाग आहे. वादळात पडलेली झाडं तोडायला आणि सरपण करायला चेनसॉ घ्यायचा आहे. मोठाच घ्यावा का?

उत्तर : नको. घरच्या कामाला ४० ते ५० सीसीचं पेट्रोल मशीन आणि १६ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) भरपूर झाला. मोठं मशीन हात लवकर थकवतं, आणि थकलेल्या हातातच अपघात होतात. चेन ब्रेक मात्र असायलाच हवा. कारण बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. म्हणून टोकाने कधीही कापू नका, दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि खांद्याच्या वर उचलू नका.

पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या असतात. दबलेल्या बाजूने आधी थोडं कापा, मग ताणाच्या बाजूने.

टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. बारचं ऑइल वेगळं. कापताना चिपऱ्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, की चेनला गोल कानस लावा.

हेल्मेट, चष्मा, कानाचं संरक्षण आणि चेनसॉची खास पँट यांचे पैसे मशीनसोबतच बाजूला काढा. आंबा, फणस, ऐन, किंजळ यांची उभी झाडं तोडायला महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. वन खात्याकडे आधी चौकशी करा.